‘जो पहिला खेळतो तोच जिंकतो’ : मालकाचं उत्तर

नमस्कार. आमच्या खेळांच्या कॅफेबद्दलचा तुमचा अभिप्राय शनिवारी रात्री शटर ओढताना वाचला आणि खरं सांगतो, आधी रागच आला. दोन तारे दिलेत त्याचा नाही, ‘यापेक्षा घरी झब्बू खेळलो असतो’ या वाक्याचा. रविवारी सकाळी डोकं शांत झाल्यावर पुन्हा वाचला, आणि मग दिवसभर तोच डोक्यात होता. कारण तुमच्या तक्रारीत आमची एक चूक सापडली. ती आम्ही कितीतरी दिवस करत होतो आणि आमच्या लक्षातच आली नव्हती.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बाहेरच्या फळ्यावर ‘रोबोट टोळ्यांची लढाई’ वाचून हे चौघे मित्र आत आले, ‘स्टार रिअल्म्स’ हा पानं विकत घेत आपापला कॅट बांधायचा पत्त्यांचा खेळ घेऊन दोन तास बसले आणि पाच डाव खेळले. तक्रार अशी की चौघांत दोघंच खेळत होते आणि दोघं बघत होते. पाचही डाव पहिला खेळणाराच जिंकला, म्हणजे सगळा नशिबाचा मामला. रोबोट म्हणावेत तर ते शत्रूऐवजी आपलीच पानं खातात. शिवाय पानं चिकट आणि चहा थंड.

चहाबद्दल माफी. पानांवर आता प्लॅस्टिकची पाकिटं चढवली आहेत. मात्र चिप्सच्या हातांनी पानं पिसणाऱ्यांनाही यात थोडं श्रेय द्यावं, ही नम्र विनंती.

चौघांना तो डबा द्यायलाच नको होता. एका डब्यात दोघांचाच खेळ असतो. आणखी दोघं हवे असतील तर दुसरा डबा लागतो आणि आमच्याकडे एकच आहे. तुम्ही आलात तेव्हा गर्दी होती, टेबल भरतंय म्हटल्यावर कोणी ‘नाही’ म्हणालं नाही. तुम्हाला ‘डॉमिनियन’ द्यायला हवा होता. तो चौघांत चालतो आणि आपापला कॅट खेळता खेळता बांधायचा हा प्रकार 2008 साली रुजवला तोही त्यानेच. पण त्यात रोबोट नाहीत, राजवाडे नि बाजार आहेत. तुम्हाला रोबोट हवे होते, कारण आम्हीच फळ्यावर तसं लिहिलं होतं.

तो फळाही पुसला आहे. ‘स्टार रिअल्म्स’मध्ये चार टोळ्या आहेत, पण यंत्रांची टोळी एकच, ती लाल पानांची, ‘मशीन कल्ट’. हिरव्यात अक्राळविक्राळ जीव, पिवळ्यात साम्राज्य, निळ्यात व्यापारी. ‘रोबोट’ लिहिलं की शाळेतली मुलं आत वळतात म्हणून मी तसं लिहिलं होतं. अस्सल रोबोटांचा असाच खेळ हवा असेल तर ‘ट्रान्सफॉर्मर्स’वर 2021 साली एक निघाला आहे. पण त्याच्या मूळ डब्यातही आपण ऑटोबॉट, म्हणजे चांगले रोबोटच होतो; डिसेप्टिकॉन, म्हणजे खलनायक रोबोट, कॅटातून अंगावर येतात. तो अजून आमच्याकडे नाही.

आता पाच डावांचं. तुम्हाला नियम सांगणाऱ्या मुलाला मी विचारलं, ‘पानं किती उचलायला सांगितलीस?’ म्हणाला, ‘दोघांना पाच-पाच.’ ‘पहिल्या पाळीलाही?’ ‘हो दादा, तुम्हीच तसं शिकवलंत ना.’ शिकवलं होतं खरं. नियमपत्रात स्पष्ट लिहिलंय की जो सुरुवात करतो त्याने पहिल्या पाळीला तीनच पानं उचलायची आणि दुसऱ्याने पाच. मी स्वतः शिकलो तेव्हा कुठेतरी हे निसटलं आणि पुढे दर शनिवारी चुकीचंच शिकवत राहिलो. पोराचा यात काही दोष नाही.

हा नियम दिसायला किरकोळ वाटतो. पण सुरुवातीला प्रत्येकाकडे तीच दहा पानं असतात: आठ ‘स्काउट’, प्रत्येकी एक नाणं देणारे, आणि दोन ‘व्हायपर’, प्रत्येकी एक घाव घालणारे. तीन पानांत फार तर तीन नाणी जमतात, पाचात पाच. टेबलावर विकत घ्यायला मांडलेल्या पाच पानांमध्ये पाच नाण्यांचं दणदणीत पान असलं, तर आमच्या चुकीच्या नियमाने पहिला भिडू समोरच्याची पाळी येण्याआधीच ते उचलून नेऊ शकत होता. ते पान त्याच्या कॅटात आधी पिसलं जाणार, आधी हातात येणार आणि त्यातून पुढची खरेदीही आधी होणार. तुमचे पाचही डाव एवढ्यानेच गेले असं छातीठोकपणे म्हणत नाही, पण तुम्हाला जे दिसलं ते नुसतं नशीब नव्हतं. आम्हीच पहिल्याला झुकतं माप दिलं होतं. यावर तीन-पाच करण्यात अर्थ नाही.

नशीब यात आहे, तेही खूप. ‘डॉमिनियन’मध्ये विकत घ्यायच्या पानांचे दहा ढीग डावाच्या सुरुवातीपासून सगळ्यांसमोर असतात. इथे तुम्ही एक पान उचललं की त्या जागी दोघांच्या सामायिक कॅटातून नवं येतं, आणि ते चांगलं निघालं तर समोरचा खुशीत. मलाही ते चिडवतं.

पण रोबोटांवरचा तुमचा राग मला मान्य नाही. तुम्ही लिहिलंय, ‘आपण विकत घेतलेला रोबोट आपलंच पान भंगारात टाकतो, हा कसला योद्धा?’ अहो, तीच तर त्याची करामत. भंगारात गेलेलं पान तुमच्या कॅटातून कायमचं बाद होतं. हिशोब करून बघा. सुरुवातीची दहा पानं आणि विकत घेतलेली आठ, असा अठरा पानांचा कॅट झाला, तर पाच पानांच्या हातात सरासरी पावणेतीन पानं ती जुनीच रडकी येतात. त्या दहातली पाच रोबोटांनी भंगारात काढली, तर कॅट तेरावर येतो आणि हातात जेमतेम दोन रडकी राहतात. घेतलेली आठ पानं तीच, पण ती हाताला लागतात जास्त वेळा. तुमच्या मित्राने आठ नाणी मोजून घेतलेलं ‘ब्रेन वर्ल्ड’ अख्ख्या डावात एकदाच दिसलं, असं तुम्हीच लिहिलंय. एवढा फुगलेला कॅट असेल तर ते वर यायचं कधी?

इथे आमच्या मुलाने, म्हणजे पुन्हा मीच, आणखी एक गोष्ट अर्धी सांगितली होती. भंगारात टाकायचं पान हातातलंच असलं पाहिजे असं नाही, खेळून बाजूला टाकलेल्या ढिगातलंही चालतं. हातातला ‘स्काउट’ टाकला तर या पाळीचं एक नाणं बुडतं. ढिगातला टाकला तर काहीच बुडत नाही, कारण त्याचं नाणं तुम्ही आधीच खर्च केलेलं असतं. तुम्ही पाचही डाव हातातलीच पानं टाकत होतात. रोबोट आपल्यालाच खातोय असं वाटणारच.

आणि लढायचं म्हणाल तर ‘ट्रेड बॉट’ एका नाण्याचा, ‘मिसाइल बॉट’ दोनाचा, ‘सप्लाय बॉट’ तिनाचा, म्हणजे तिघं मिळून सहा नाण्यांत येतात. एकाच पाळीला तिघं हातात आले तर एकमेकांच्या साथीने आठ घाव घालतात, वर तीन नाणी देतात आणि तीन रडकी पानंही काढून टाकतात. समोरच्याची ताकद असते पन्नास. असं दोन-तीनदा जमलं तर समोरच्याला घाम फुटतो. ‘ट्रेड बॉट’ मांडलेला असूनही कोणी घेत नाही, कारण एक नाण्याचं पान म्हणजे कचरा असं सगळ्यांना वाटतं. मलाही पहिले कित्येक डाव तसंच वाटायचं.

पैशांचं सांगतो. माणशी तासाला 120 रुपये, चौघांचे दोन तासांचे 960 झाले. त्यातले बघत बसलेल्या दोघांचे 480 काउंटरवर पाकिटात ठेवले आहेत. तुमचा शनिवार ठरलेला असला तरी ते कधीही न्या. तारे बदला असं म्हणत नाही.

मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी आलात तर गर्दी नसते, मी स्वतः समोर बसतो. लाल पानं हवी तेवढी तुम्ही घ्या. पहिली पाळी माझी, आणि मी तीनच पानं उचलीन.