लायसन्स हातात आलं, आता हात सोडू नका

गेल्या आठवड्यात एका मुलाचा मेसेज आला. "मॅडम, सीपीएल झालं. कर्ज काढून टाइप रेटिंग करून टाकू का? घरी बसून वेळ जातोय." सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहिते. त्याच्यासारखे बरेच जण आहेत.

आधी टाइप रेटिंगचं. मोठ्या जेटसाठी प्रत्येक जातीची वेगळी परवानगी लागते. एअरबस ए३२० शिकलात म्हणून बोइंग ७३७ उडवता येत नाही. म्हणजे नोकरीआधी रेटिंग घेणं हे कोणत्या ताफ्यात जागा निघेल याच्यावर सगळा पैसा लावणं आहे. शिवाय त्याला मुदत असते. सिम्युलेटरमध्ये शिकलेलं खऱ्या विमानात वापरलं नाही, तर ते महिन्यामहिन्यानं विसरत जातं. काही कंपन्या अर्जाबरोबरच रेटिंग मागतात, मला माहीत आहे. तरीही निवडीचं पत्र हातात नसेल तर थांब, असंच मी सांगेन.

खरा धोका मला वेगळाच दिसतो. लायसन्स आणि पहिली नोकरी यांच्यामधले महिने.

माझे आठ महिने तसे गेले. दोनशेच्या आसपास तास, नवं कोरं लायसन्स, आणि दिवसभर फक्त अर्ज भरणं. मग एका कंपनीनं सिम्युलेटरच्या परीक्षेला बोलावलं. खाली उतरत वळायचं होतं, अगदी साधं काम. माझी नजर उंचीच्या काट्यावर खिळली आणि तेवढ्यात दिशा तीस अंश सरकली. ती सावरायला गेले तर वेग गेला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नजर फिरवण्याची सवय मोडली होती आणि मला घरी त्याचा पत्ताही नव्हता. परीक्षकांनी शांतपणे "थँक यू" म्हटलं. त्या दिवशी मला फार लागलं.

प्रवासी घेऊन उडायला साधारण ९० दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग लागतात. ती किमान अट आहे. तेवढ्यावर हात तयार राहत नाही.

त्यानंतर मी इन्स्ट्रक्टरचं रेटिंग केलं आणि दोन वर्षं लहान विमानात शिकवलं. माझं उडणं तिथे घडलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. विद्यार्थी लँडिंगला नाक उंच ओढतोय, वेग उतरतोय, आता कंट्रोल घ्यायचा की अजून अर्धा सेकंद त्याला सावरू द्यायचं? लवकर घेतला तर तो शिकत नाही, उशिरा घेतला तर विमान आदळतं. हा अंदाज रोज दहा वेळा बांधावा लागतो. आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटून विमान खाली बसणं, का होतो हे दुसऱ्याला समजावताना कळतं, की आपल्यालाच ते अर्धंमुर्धं समजलं होतं. ग्लायडर ओढणं, पॅराशूटवाल्यांना वर नेणं, हवाई पाहणी, हीसुद्धा चांगली कामं आहेत. "हे माझ्या लायकीचं नाही" असं म्हणणारी मुलं भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

पण नुसते तास मोजू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० जण गेले. स्टॉलचा इशारा आल्यावर कॅप्टननं नाक खाली करायच्या ऐवजी दांडा मागे ओढला. त्यानंतर २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही साधारण १५०० तास लागतात. पण त्या विमानातल्या दोघांकडेही तेवढ्याहून जास्त तास होते. लॉगबुकमधला आकडा सांगतो तुम्ही किती वेळ हवेत होतात. त्या वेळात काय केलंत हे तो सांगत नाही. म्हणून एकटे उडायला गेलात तरी एक काम ठरवून जा: आज फक्त क्रॉसविंड, म्हणजे आडव्या वाऱ्यात उतरणं, आज फक्त इंजिन बंद धरून उतरणं. घरी येऊन काय चुकलं ते लिहा.

मेडिकलची तारीख चुकवू नका, बाकी कागद सांभाळा, ते तुम्हाला येतंच.

त्या मुलाला मी विचारलं, शेवटचं कधी उडालास? "पाच महिने झाले, मॅडम." मग म्हटलं, टाइप रेटिंगचं नंतर बघू. आधी या आठवड्यात एक तास बुक कर, शेजारी इन्स्ट्रक्टर घे, आणि मला लँडिंग कशी झाली ते कळव.