‘झडप बदलली की मेंदू जातो’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या हृदयाची मिट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, झडप सहा वर्षांपूर्वी बदलण्यात आली. लहानपणी येऊन गेलेल्या सांधेतापाने खराब झालेली ती झडप काढून तेथे यांत्रिक झडप, म्हणजे बोलीभाषेतला ‘मेटलचा वॉल्व्ह’ बसवला, आणि तेव्हापासून संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा चार दिवसांच्या गोळ्या पाकिटात जशाच्या तशा होत्या. विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अरे, त्या गोळ्यांनी मेंदूत रक्त उतरतं म्हणे. मंडळाच्या ग्रुपवर आलंय.” दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासले तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, १.४ आला. तिच्यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा २.५ ते ३.५ आहे.

भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला तो संदेश मी नंतर तीनदा वाचला. त्याचे पाच दावे असे. झडप बदललेल्या दहापैकी आठ जणांचा मेंदू कायमचा निकामी होतो. डॉक्टर हे लपवतात. मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवताना जाळी लावली तर धोका शून्य होतो, पण रुग्णालये ती मुद्दाम लावत नाहीत. तीन महिन्यांत शरीर नवी झडप स्वीकारते, म्हणून नंतर गोळ्या बंद करून लसणीचा काढा घ्यावा. आणि लकवा आलाच, तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढावे. खाली सही म्हणून ‘एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ’ एवढेच. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे टक्केवारीचा गैरवापर मला जरा लवकर दिसतो, आणि या संदेशात तो ठासून भरलेला आहे.

क्रम मोडून चौथ्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण माणूस मरू शकतो तो याच दाव्याने. ‘तीन महिने’ हा आकडा कुठून आला असावा, हे शोधायला फार वेळ लागत नाही. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेली झडप, म्हणजे टिशू वॉल्व्ह, बसवल्यावर अनेक रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी सुरुवातीचे तीन ते सहा महिनेच देतात. तो नियम कोणीतरी उचलून सरसकट सगळ्या झडपांना लावला. यांत्रिक झडपेच्या पात्यांवर शरीर स्वतःचे अस्तर चढवत नाही, ती रक्ताला आयुष्यभर परकीच राहते, आणि परक्या पृष्ठभागावर गुठळी धरण्याचा रक्ताचा स्वभाव तीन महिन्यांनीही बदलत नाही आणि तीस वर्षांनीही नाही. डाव्या बाजूच्या झडपेवरची गुठळी सुटली की ती महाधमनीत जाते, आणि तेथून मेंदूचा रस्ता फार लांब नाही.

हे किती वेळा घडते, याचा हिशोब १९९४ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या संकलनात मांडलेला आहे. यांत्रिक झडपेचे १०० रुग्ण एक वर्ष कोणत्याही औषधाविना राहिले, तर त्यांपैकी सुमारे ४ जणांना गुठळीचा गंभीर झटका बसतो. अ‍ॅस्पिरिनसारख्या, रक्तातल्या बिंबाणूंवर (प्लेटलेट्सवर) काम करणाऱ्या औषधाने तो आकडा २.२ वर येतो, आणि आत्या घेते त्या गटातल्या गोळीने १ वर. मिट्रल जागेवरच्या झडपेला महाधमनीच्या झडपेपेक्षा हा धोका जवळजवळ दुप्पट असतो. आता संदेशातले अर्धे सत्य मान्य करणे भाग आहे : या गोळ्यांनी रक्तस्राव होतो. त्याच संकलनात मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण १०० रुग्णांमागे वर्षाला १.४ आहे, आणि त्यातला काही मेंदूतही होतो. म्हणूनच आयएनआर तपासतात. आकडा खाली गेला की गुठळी, वर गेला की रक्तस्राव, आणि मधल्या पट्ट्यात राहण्यासाठी दर काही आठवड्यांनी थोडेसे रक्त तपासायला द्यायचे, इतका साधा हा व्यवहार आहे.

लसणीबद्दल एवढेच सांगतो. लसणीचा बिंबाणूंवर थोडाफार परिणाम होतो, हे खरे आहे. पण त्या वाटेने जाणारी नेमक्या मात्रेची औषधेसुद्धा धोका २.२ वरच आणून सोडतात, आणि काढ्याची मात्रा तर कोणत्याच तपासणीत मोजता येत नाही. डॅबिगॅट्रान हे नव्या पिढीचे, इतर आजारांत यशस्वी ठरलेले औषध यांत्रिक झडपेच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा त्या गटात ५ टक्के रुग्णांना स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, आला, आत्याच्या गोळीच्याच जातीच्या जुन्या वॉर्फरिनच्या गटात एकालाही नाही, आणि रक्तस्रावही नव्या औषधानेच जास्त झाला. चाचणी थांबवावी लागली आणि २०१३ साली निष्कर्ष छापून आले. जेथे कारखान्यात मोजूनमापून केलेले औषध हरले, तेथे आमच्या मंडळाने दोन पाकळ्या वाटीभर पाण्यात उकळून आत्याला निश्चिंत केले होते!

‘दहापैकी आठ जणांचा मेंदू निकामी’ हा दावा मात्र हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो अधिक चीड आणतो. मांडीतून नळी घालून महाधमनीची झडप बसवण्याची पद्धत, म्हणजे टावी, पहिल्यांदा माणसावर वापरली गेली ती फ्रान्समधील रूआँ येथे २००२ साली. जुनी झडप चुन्याने (कॅल्शियमने) कडक झालेली असते, नवी झडप तिला बाजूला दाबून बसते आणि त्या दाबात चुन्याचे बारीक कण सुटून रक्तासोबत मेंदूकडे जातात. २०१० साली जर्मनीत अशा ३२ रुग्णांचे एमआरआय काढले, तेव्हा २७ जणांच्या, म्हणजे ८४ टक्के रुग्णांच्या, मेंदूत नवे बारीक ठिपके दिसले. छाती उघडून झडप बदललेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होते. संदेश येथेच थांबतो. पण तोच अभ्यास पुढे सांगतो की या ठिपक्यांमुळे मोजता येईल असा बौद्धिक बिघाड आढळला नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा ८० टक्के ठिपक्यांचा मागमूस उरला नव्हता. एमआरआयवरचा ठिपका आणि निकामी मेंदू यांच्यात गोदावरीइतके अंतर आहे. ठिपके अगदीच निरुपद्रवी असतात, असेही मी म्हणणार नाही, कारण वृद्धांच्या मेंदूत असे मूक व्रण असले तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे वेगळ्या लोकसंख्येवरील अभ्यासांत दिसलेले आहे.

हा दावा वाचून आमच्या मंडळातल्या एका आजोबांनी ठरलेले ऑपरेशन पुढे ढकलले आहे. त्यांची महाधमनीची झडप आक्रसलेली आहे आणि जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांच्या कुटुंबाला मी एकच आकडा लिहून दिला. ज्यांना छाती उघडून शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशा रुग्णांवरच्या २०१० च्या मोठ्या चाचणीत, झडप न बदलता ठेवलेल्यांपैकी वर्षभरात ५०.७ टक्के वारले, आणि टावी केलेल्यांपैकी ३०.७ टक्के. पहिल्या तीस दिवसांत मोठ्या स्ट्रोकचे प्रमाण टावीच्या गटात ५ टक्के आणि दुसऱ्या गटात १.१ टक्के होते, हेही त्याच कागदावर लिहिले. धोका आहे, तो लपवायचा नाही. पण झडप तशीच ठेवण्याचाही धोका असतो, हे त्या संदेशाच्या लेखकाच्या गावीही नाही. शिवाय ते आकडे अतिजोखमीच्या रुग्णांचे आणि पहिल्या पिढीच्या झडपांचे होते. कमी जोखमीच्या रुग्णांवरच्या २०१९ च्या चाचणीत तीस दिवसांतल्या स्ट्रोकचे प्रमाण टावीने ०.६ टक्के, तर शस्त्रक्रियेने २.४ टक्के होते.

डॉक्टर लपवतात का? येथे मला नाइलाजाने थोडी माघार घ्यावी लागते. अमेरिकेत महाधमनीच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या, वयाची पासष्टी गाठलेल्या १९६ रुग्णांना मेंदूविकारतज्ज्ञांनी स्वतः, पद्धतशीरपणे तपासले, तेव्हा १७ टक्क्यांत स्ट्रोक आढळला. शल्यविशारदांच्या नेहमीच्या नोंदवहीत याच रुग्णांतले प्रमाण ७ टक्के होते. २०१४ चा हा निष्कर्ष झोंबणारा आहे. मात्र यातले बहुतेक स्ट्रोक सौम्य होते, मध्यम किंवा तीव्र ४ टक्केच. जो शोधायला गेला त्याला सापडले, आणि जो खाटेवरचा रुग्ण चालतोय-बोलतोय एवढेच पाहत होता त्याला सापडले नाही. याला कट म्हणणे म्हणजे नोंदीतल्या ढिलाईला फारच मोठा मान देणे झाले. आणि ही ढिलाई छापून जगासमोर मांडली तीही डॉक्टरांनीच.

जाळीचा दावा दोन वाक्यांत संपतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या या गाळणीत चुन्याचे कण खरोखरच अडकतात, पण ब्रिटनमधील ७,६३५ रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२५ साली आले) गाळणी लावलेल्यांत स्ट्रोक २.१ टक्के आणि न लावलेल्यांत २.२ टक्के निघाले.

उरला सुईचा दावा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाची दहा बोटे टोचून घरीच बसवून ठेवणे, यापेक्षा घातक सल्ला शोधून सापडणार नाही. गुठळीने आलेल्या स्ट्रोकमध्ये ती विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते सहसा देतच नाहीत; अशा वेळी मोठी गुठळी नळी घालून बाहेर काढण्याचा मार्ग उरतो, आणि त्यासाठी तर अधिकच घाई लागते. तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला किंवा बोलणे अडखळले, की १०८ ला फोन करायचा, तोंडात पाणीही घालायचे नाही, आणि दवाखान्यात पोचताच तीन गोष्टी सांगायच्या : रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, गोळी कोणती, आणि शेवटचा आयएनआर किती.

आत्याच्या बटव्यात आता तुळशीमाळेशेजारी एक पुठ्ठ्याचा तुकडा आहे. त्यावर झडपेचा प्रकार, गोळीचे नाव आणि तारीखवार आयएनआर मी लिहून देतो. परवाचा आकडा २.८ होता. मंडळाच्या ग्रुपवर हे सगळे मी टाकले तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, “मग मेथीची भाजी खायची की नाही?” खायची, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच, कारण मेथीतले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करते आणि डॉक्टर गोळीची मात्रा नेहमीचे जेवण धरूनच ठरवतात.