कबुतरांचे दाणे आणि नॉरफोकचा चिखल

शाळेच्या ग्रुपवर कबुतरखान्याचा विषय काही संपत नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली, प्रकरण हायकोर्टात होतंच, हे सगळ्यांना माहीत आहे. आमचा एक वर्गमित्र दादरलाच राहतो. कोर्टबाजी थंडावली तरी तो थंडावलेला नाही. परवा त्याने माझं नाव घेऊन लिहिलं, "तुमच्या इंग्लंडात तर घरोघरी पक्ष्यांना दाणे घालतात म्हणे. तिथे टाकतं का कुणी ताडपत्री?" खाली टाळ्यांचा पाऊस.

एरवी मी अशा वादात पडत नाही. पण परदेशातल्या माणसाला साक्षीदार म्हणून बोलवायचं आणि साक्ष आपणच देऊन मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

तर साक्ष अशी. नव्वदच्या दशकातल्या हिंदी सिनेमात लंडन दाखवायचं तर ट्राफलगर स्क्वेअर आणि कबुतरं लागायचीच. त्या चौकात दाणे विकणाऱ्याचा परवाना २००१ मध्ये गेला आणि २००३ पासून तिथे दाणे टाकायलाच बंदी आहे. तेव्हाही कबुतरप्रेमींनी आरडाओरडा केला होता. बंदी आजही आहे.

आता घरोघरच्या दाण्यांचं. हो, घालतात. मीही घालते. इथे पूर्व इंग्लंडात, नॉरफोकला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी गोल्डफिंचसाठी नायजर सीडचा पुडा आणून दिला. फोडून बघते तर कारळे! व्हिडिओ कॉलवर आईला दाखवले, तर ती म्हणाली, "एवढे कारळे पाखरांना? थोडे भाजून चटणी कर की." पिशवीवर 'माणसांच्या खाण्यासाठी नाही' असं छापलेलं होतं, नाहीतर केलीही असती. गोल्डफिंच म्हणजे चिमणीहून लहान, तोंडाला लाल रंग फासलेला, पंखावर पिवळा पट्टा. नळीला उलटा लटकून एकेक कारळा सोलतो आणि टरफलं खाली माझ्या कुंडीत टाकतो.

पण या दाण्यांवरही इथे वाद आहेच. सपाट फळीवर दाणे ठेवले की कबुतरं आणि होले येतात आणि त्यांच्या लाळेतून ट्रायकोमोनासचे परजीवी दाण्यांवर उतरतात. मागून येणाऱ्या फिंचच्या घशात गाठी होतात, त्याला गिळता येत नाही, तो उपाशी मरतो. २००५ पासून ही साथ सुरू आहे. एके काळी बागेबागेत दिसणारा ग्रीनफिंच २०२१ मध्ये थेट धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. आरएसपीबी या पक्षिसंस्थेने तर सपाट फळ्या विकणंच थांबवलं. आजींनी त्यांची तीस वर्षांची फळी काढून सरपणात टाकली. मोर्चा नाही, धर्म बुडाल्याची हाकाटी नाही. (दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, कारण बातमी मी दाखवली होती.)

आणि खरं सांगायचं तर इथले पक्षी दाण्यांवर जगतच नाहीत. ते जगतात चिखलावर, बोरूवर, ओहोटीवर. सप्टेंबर उजाडला की आइसलँड-ग्रीनलँडहून गुलाबी पायांचे रानहंस उतरायला लागतात, हजारोंनी. रात्र काढतात होल्कमच्या दलदलीत किंवा वॉश खाडीच्या वाळूवर, आणि उजाडलं की ओरडत आमच्या छपरांवरून बिटाच्या शेतात. मी सांगलीकडची, उसातली. गळीत हंगाम, कारखान्याचा भोंगा, वाढ्यांचे भारे यांत वाढलेली. इथे साखर बिटाची. कंद कारखान्याला जातात, कापलेले शेंडे रानात पडतात आणि आपल्याकडे वाढे गुरांना तसे ते इथे हंसांना. बीट निघाल्यावर लगेच नांगर घालू नका, हंस तिथेच चरतील आणि शेजारचा गहू वाचेल, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. पुष्कळ जण ऐकतात.

वॉशच्याच काठावरच्या स्नेटिशॅमला जायचं तर भरतीचं वेळापत्रक बघून, पहाटे. पाणी चढत जातं तशी चिखलावरची जागा आक्रसते आणि नॉट नावाचे हजारो किनारपक्षी एकदम उठतात. करडा थवा वळला की पांढरा, पुन्हा करडा. एप्रिलमध्ये बोरूच्या बेटांतून बिटर्नचा घुमणारा आवाज येतो. हा पक्षी इंग्लंडातून एकदा संपला होता. १९११ मध्ये त्याचं घरटं पुन्हा सापडलं ते नॉरफोकच्याच ब्रॉड्स नावाच्या पाणथळीत. १९९७ मध्ये सबंध देशात घुमणारे नर उरले होते ११. मग बोरू कापून, पाणी खेळतं ठेवून, गाळ उपसून त्यांना पुन्हा वाढवलं. कुणी मूठभर दाणे टाकून नाही. मे महिन्यात पाकोळ्या येतात आणि ऑगस्ट लागला की गेल्यासुद्धा. उन्हाळाभर किनाऱ्याच्या गोट्यांवर लिटल टर्नची अंडी असतात, म्हणून दोरी बांधून वाट बंद करतात आणि कुत्री घेऊन येणारे लोक कुरकुरत वळसा घालतात.

नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या क्लाय गावची सुमारे चारशे एकर दलदल १९२६ मध्ये डॉ. सिडनी लाँग यांच्या पुढाकाराने विकत घेतली गेली, फक्त पक्ष्यांसाठी. आणि आपल्याकडे? सीवूड्सच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली आणि २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून पस्तीसहून अधिक गेले. पाण्यासाठी झगडले ते मूठभर नवी मुंबईकर. ताडपत्री फाडायला धावलेल्यांतलं कुणी तिथे दिसलं नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "गोरे फेझंट पक्षी पाळून सोडतात आणि गोळ्या घालतात, त्याचं काय?" सोडतात. कोट्यवधी सोडतात, आणि नॉरफोक त्यात पुढे आहे. पण तो विषय वेगळा आहे. (वेगळाच आहे.) मग दुसरं, नेहमीचं, "तिकडे बसून इकडचं शहाणपण सांगू नकोस."

हे मात्र लागलं. होल्कमच्या बागेत इजिप्शियन गूस नावाचा तपकिरी, डोळ्याभोवती डाग असलेला हंस हिंडत असतो. सतराव्या शतकात शोभेसाठी आणलेला. ब्रिटनच्या अधिकृत पक्षियादीत त्याला जागा मिळाली १९७१ मध्ये, आणि तीही क वर्गात, म्हणजे माणसाने आणलेले पण इथे रुजलेले. छोटा बगळा मात्र आपला आपण उडत आला, १९९६ मध्ये डॉर्सेटच्या ब्राउनसी बेटावर त्याने पहिलं घरटं बांधलं आणि तो सरळ अ वर्गात. आता तो आमच्या ओहोळातही मासे टिपतो, कुणी वळूनही बघत नाही. मी स्वतःहून आले की नोकरीने आणलं, यावर माझा वर्ग ठरत असेल तर मला तो ठरवता येत नाही. क्लायला पक्षी बघायच्या लाकडी आडोशात शिरलं की बाकावरचे लोक दुर्बीण न काढता एवढंच विचारतात, "काही आहे का?" तू कुठली, हे तिथे कुणी विचारत नाही. कामावर विचारतात, पोस्टात विचारतात, आणि आता ग्रुपवरही विचारायला लागलेत.

दलदलीवर घिरट्या घालणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी मी इथे ओळखायला शिकले. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडच्या तळ्यांवरही असतो. आमच्या गावच्या पाझर तलावावरही येत असणार. वीस वर्षं मी त्या तलावावरून सायकलने शाळा-कॉलेजला गेले आणि कोण उडतंय ते मान वर करून पाहिलं नाही. वडिलांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, "घारी असतात बाई, नेहमीच्या."

शेवटी वर्गमित्राला वेगळा, एकट्याला मेसेज केला. म्हटलं, दादरहून शिवडी किती लांब आहे? भरतीची वेळ बघ, पाणी चढताना जेट्टीवर जाऊन उभा राहा, फ्लेमिंगो आपोआप जवळ सरकतात. मुलांनाही ने. दोन निळ्या खुणा उमटल्या. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "त्यांना काय घालतात खायला?"