नकाशावर ठिपके का दिले नाहीत

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ब्रिटनमधल्या वेल्स आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर उघड्या समुद्रात कुठे पोहावं, या माझ्या लेखात ठिकाणांची क्रमवारी नाही, नकाशावर ठिपके नाहीत आणि निम्मा लेख भरती-ओहोटीनेच व्यापलाय, अशी तुमची तक्रार आहे. 'लहानपणापासून पोहणाऱ्या माणसाला गार पाण्याचा बागुलबुवा कशाला दाखवता?' असंही तुम्ही विचारलंय.

क्रमवारी दिली नाही, कारण या किनाऱ्यावर नुसती जागा चांगली किंवा वाईट नसते. सकाळी नऊची जागा वेगळी आणि दुपारी बाराची वेगळी. या दोहोंच्या मधे आत शिरणाऱ्या ब्रिस्टल चॅनल या खाडीच्या आतल्या टोकाला उधाणाच्या भरतीत पाणी १४ मीटरपर्यंत चढतं. जगात याहून जास्त चढ-उतार फार थोड्या ठिकाणी आहे. वेल्समधल्या दक्षिण पेम्ब्रुकशर आणि उत्तर कॉर्नवॉलकडे तेवढा नसला, तरी उधाणाला तो सहा मीटरच्या पुढे जातो, म्हणजे दोन मजली घर बुडेल एवढा. शिवाय पाणी एका चालीने चढत नाही. भरतीचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन भाग आणि मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटीला कड्याच्या पायथ्याने वाळूवरून चालत गेलात, पलीकडच्या घळीत तासभर रमलात, की परतीची वाळू गेलेली असते. मागे सरळ कडा आणि पुढे पाणी. अशा ठिकाणचा ठिपका मी दिला असता, तर तो खरा असूनही फसवा ठरला असता.

आता गार पाण्याबद्दल. इथे मी एक शब्दही मागे घेणार नाही. पाणी १५ अंशांच्या खाली असेल, तर उतरताच छातीत हवा आपोआप ओढली जाते, श्वास सुटतो, नाडी धावते. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सर्वात जोरात असतं आणि काही मिनिटांत ओसरतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं, तर हात कितीही सराईत असोत, उपयोग नाही. ही पोहण्याच्या कौशल्याची गोष्टच नाही, शरीराच्या सवयीची आहे. दिलासा एवढाच, की सवय लवकर होते. गार पाण्यात दोन-तीन मिनिटं, असं पाच-सहा वेळा उतरल्यावर हा धक्का जवळजवळ निम्म्यावर येतो. गरम केलेल्या तलावातली वर्षानुवर्षांची मेहनत मात्र इथे कामी येत नाही. तरीही धक्का बसलाच, तर हातपाय मारू नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, तोंड आभाळाकडे ठेवा आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत तरंगत राहा. १८२४ पासून इथल्या समुद्रात जीव वाचवणारी आरएनएलआय ही संस्था आज लोकांना पहिली हीच गोष्ट शिकवते.

'लाटा कमी दिसतील तिथे उतरावं, एवढं साधं आहे', हे तुमचं वाक्य मला सर्वात जास्त खटकलं. कृपया असं करू नका, कुणाला सांगूही नका. किनाऱ्यावर जरा उंचावर उभं राहून बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस येत असतो आणि मधेच एक गडद, शांत पट्टी दिसते. नवख्याला तीच सुरक्षित वाटते. बऱ्याचदा तीच रिप असते, लाटांनी आत आणलेलं पाणी समुद्राकडे परत जाण्याची वाट. तिच्यावर फेस किंवा शेवाळाचे तुकडे बाहेरच्या दिशेने सरकताना दिसले, तर शंकाच नको. सापडलात तर तिच्याविरुद्ध झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहून पट्टीबाहेर पडा आणि मग फुटत्या लाटांबरोबर आत या.

'चांगली जागा स्वतःसाठी राखून ठेवली', हा आरोप मात्र मनाला लागला. एका घळीचं नाव मी मुद्दाम गाळलं, ते तिथे करड्या सीलची वीण होते म्हणून. पिल्लं मुख्यतः शरद ऋतूत जन्मतात. जेमतेम तीन आठवडे ती आईच्या दुधावर असतात आणि तेवढ्या दिवसांत पांढऱ्या लोकरीतल्या त्या जिवाला अंगावर चरबी साठवायची असते. माणसं जवळ आली की आई पाण्यात शिरते. कधी कधी परत येतही नाही. पेम्ब्रुकशरमधल्या अबरेडीच्या ब्लू लगूनमध्येही अलीकडे शरदात याच कारणासाठी पाण्यात उतरणं बंद ठेवतात. ही दगडाची जुनी खाण १९१० मध्ये बंद पडली आणि नंतर समुद्र आत घेतला गेला. आत जवळजवळ २५ मीटर खोल पाणी आहे. उन्हाळ्यात जरूर जा. कड्यावरून उडी मारण्याचा मोह मात्र आवरा.

तुम्ही ऑक्टोबरात निघताय, हे वाचून बरं वाटलं. तेव्हा समुद्र मे महिन्यापेक्षा उबदार असतो, उन्हाळ्याची ऊब पाणी हळूहळू सोडतं. सुरुवात उत्तर कॉर्नवॉलमधल्या ब्यूडच्या समुद्र-तलावापासून करा. १९३० मध्ये खडकांना बांध घालून तो केला. दर भरतीला समुद्र त्यात नवं पाणी भरतो आणि ओहोटी लागली की आतलं पाणी संथ होतं. गार पाण्याची सवय करायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. पण लाटा बांधावरून आत कोसळत असतील, तेव्हा तिथेही उतरू नका. घळींचा बेत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास नको, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वात कमी चढ-उताराची भरती, असते तेव्हा ठेवा. तारखा ठरल्या की इथेच कळवा. त्या दिवसांचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून कुठे किती वाजता उतरायचं आणि किती वाजता बाहेर असायचं, ते लिहून देते.