शिकागो हार्डी अंजिराच्या मेसेजबद्दल खुलासा

‘शिकागो हार्डीची काडी लावा, बर्फात टिकतं म्हणजे सोलापूरच्या उन्हातपण टिकणारच’ हा मेसेज ग्रुपवर फिरतोय, आणि मागच्या महिन्यात मीच तो पुढे ढकलला होता, सॉरी. हार्डी म्हणजे कडक थंडीत वरचं खोड मेलं तरी मुळातून परत फुटतं आणि त्याच वर्षी नव्या फांदीला फळ धरतं, एवढंच. आपल्या ४२ डिग्रीशी त्याचा काय संबंध? माझ्या पाच काड्या गच्चीवर ऊन लागून काळ्या पडल्या. पुरंदरच्या पूना अंजिराची पेन्सिलएवढी जाड, वीतभर काडी, चीक वाळू देऊन, दोन डोळे (कोंब फुटतो त्या गाठी) मातीत, सावलीत ठेवलेली, तिला मात्र पालवी आलीय. जुना मेसेज पुढे पाठवू नका, जमलं तर डिलीट मारा.