आमच्या वाड्यातली गॅसची वही

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आज साडेदहाच्या सुमारास आमच्या सोसायटीबाहेर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा दात गॅसच्या पाइपलाइनला लागला. वास सुटला, आरडाओरडा झाला, माणसं आली, व्हॉल्व्ह बंद केला. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. पण चार इमारतींच्या शेगड्या विझल्या. माझा कुकर दुसऱ्या शिट्टीवर थांबला. माझ्याकडे इंडक्शन आहे, माझं भागलं.

तळमजल्यावर आजी-आजोबा दोघंच राहतात. आजींना नाकातल्या नळीतून भरवावं लागतं, दर दोन तासांनी, पातळ पेज नाहीतर मुगाचं पाणी, कोमट. पाइपचा गॅस आला तेव्हा त्यांनी सिलिंडर रीतसर परत केला होता. आजोबांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'कोणाकडे टाकी असल्यास तासाभरासाठी मिळेल का?' एकीचं उत्तर आलं, आमच्याकडे आज पाहुणे आहेत. आणि मग एका गृहस्थांचं, 'ज्याने त्याने आपली सोय करून ठेवावी. दुसऱ्यावर अवलंबून राहिलं की असंच होतं.' त्यावर पाच अंगठे.

याच गृहस्थांनी सकाळी आठ वाजता एक फॉरवर्ड टाकला होता. तुर्कमेनिस्तानचा गॅस पाकिस्तानातून आपल्याकडे आला नाही ते किती बरं झालं, शेजाऱ्याच्या हातात आपल्या शेगडीचं बटण कशाला द्यायचं, वगैरे वगैरे. आठ वाजता वाचून सोडून दिलं होतं. साडेअकराला ते दोन मेसेज एकाखाली एक दिसले आणि राहवलं नाही.

मला आमच्या वाड्यातली वही आठवली.

शनिवार पेठेत आम्ही वाड्यात राहायचो. साल १९८३, मी सातवीत. आमच्या समोर एक कुटुंब होतं, नावं लिहीत नाही, त्यांची मुलं इथे माझ्या यादीत आहेत. जिन्याखालच्या खोलीवरून दोन्ही घरांत कोर्टकज्जा चालू होता. चांगला अकरा वर्षं चालला. आई आणि समोरच्या काकू एकमेकींशी एक शब्द बोलत नसत. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, कैरीच्या डाळीची वाटीसुद्धा इकडून तिकडे जायची नाही.

पण जिन्याच्या खांबाला खिळ्यावर एक दोनशेपानी वही टांगलेली असायची. तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. ती गॅसची वही.

तेव्हा प्रत्येक घरी एकच टाकी असायची. संपली की नंबर लावायचा आणि वाट बघायची, कधी दोन आठवडे, कधी तीन. तोवर रॉकेलचा स्टोव्ह, तोही रेशनवर रॉकेल मिळालं तर. म्हणून या दोघींनी, न बोलता, मधे कोणाला तरी घालून ठरवलं की दोन्ही घरच्या टाक्या एकदम संपू द्यायच्या नाहीत. एकीची महिन्याच्या सुरुवातीला, दुसरीची मध्यावर. एकीकडची संपली की दुसरीची टाकी दोन्ही घरांत फिरायची. सकाळी अकरापर्यंत इकडे, मग तिकडे. वहीत तारीख, वेळ, कोणी नेली, कोणी आणली. महिनाअखेरीला दिवसांच्या हिशेबाने पैसे, पाकिटात घालून माझ्या हातून. पहिल्याच पानावर काकूंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'लहान मूल व आजारी माणूस यांचे आधी. पाहुणे नंतर.'

आमचा धाकटा तेव्हा तान्हा होता, रात्री दूध तापवायला लागायचं. म्हणून टाकी काकूंची असली तरी रात्री आमच्याकडे असायची.

आता युरोपबद्दल सांगते, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. २००९ च्या जानेवारीत रशिया आणि युक्रेनचं पैशांवरून भांडण झालं आणि युक्रेनमधून जाणारा गॅस जवळपास दोन आठवडे बंद पडला. भर थंडीत. बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाचे सगळ्यात हाल झाले, बल्गेरियात लोक घरात गारठले. पश्चिमेकडच्या देशांकडे तेव्हा गॅस होता, साठेही होते! पण पाइपलाइनी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्यासाठी बांधलेल्या. उलटा गॅस पाठवायची सोयच फारशी नव्हती. म्हणजे शेजाऱ्याकडे टाकी आहे, पण मधलं दार एकाच बाजूने उघडतं.

युरोपियन युनियनचे देश त्यातून शिकले. २०१० मध्ये ब्रुसेल्सला नियम केला की सीमेवरून गॅस दोन्ही दिशांना जाईल अशी व्यवस्था करा. २०१४ पासून त्याच स्लोव्हाकियाने युक्रेनला उलट्या दिशेने गॅस दिला. आणि २०१७ च्या नियमात जे लिहिलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. शेजारी देशावर खरंच वेळ आली, त्याच्या घरांना आणि दवाखान्यांना पुरेल इतकाही गॅस उरला नाही, तर आपले कारखाने मागे ठेवून आधी त्याच्या घरांना गॅस द्यायचा. फुकट नाही, मोबदला घेऊन. लहान मूल व आजारी माणूस यांचे आधी. कुठे ब्रुसेल्स आणि कुठे शनिवार पेठ!

एप्रिल २०२२ मध्ये रशियाने पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला. पण बल्गेरिया यावेळी २००९ सारखा अडकला नाही. ऑक्टोबरमध्ये ग्रीसहून १८२ किलोमीटरची नवी पाइपलाइन सुरूही झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युनियनने गॅसचा वापर १५ टक्के कमी करायचं ठरवलं, जे रशियाच्या गॅसवर फारसे अवलंबून नव्हते त्यांनीसुद्धा.

हो, माहिती आहे मला, तिथेही सगळे संत नाहीत. आपसातल्या मदतीच्या करारांवर सह्या करायला बहुतेकांनी चालढकल केली.

आणि हेही लिहिते, कारण याचा मला खरोखर संताप येतो. तो गॅस युरोपने आणला कुठून? जास्त पैसे मोजून जहाजं वळवून घेतली. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने द्रवरूप गॅससाठी टेंडर काढलं, एकही बोली आली नाही. बांगलादेशने महाग झाला म्हणून बाजारातून घेणं थांबवलं आणि तिथे तासन् तास वीज गेली. म्हणजे त्यांनी आपल्या वाड्यात टाकी फिरवली आणि पलीकडच्या वाड्यातल्या टाक्या उचलून नेल्या. याला शेजारधर्म म्हणत नाहीत. पण मला त्यातून कळतं ते वेगळंच. ढाक्याला आणि कराचीला अंधार झाला तेव्हा त्यांच्यासाठी कुठेच वही नव्हती. आपल्या या अख्ख्या भागात नाही.

आपण काय केलं? तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत, १८१४ किलोमीटरची पाइपलाइन. करार २०१० चा, कामाचा नारळ २०१५ ला फुटला. अजून आपल्याकडे एक फुगाही भरेल इतका गॅस आलेला नाही. इराणची पाकिस्तानमार्गे येणारी पाइपलाइन नव्वदच्या दशकापासून बोलण्यात होती, त्यातून आपण बाहेर पडलो. म्यानमारचा गॅस बांगलादेशातून आणायचं २००५ मध्ये तिन्ही देशांनी ठरवत आणलं होतं. अटींवरून घोडं अडलं. तो गॅस २०१३ पासून पाइपने चीनला जातो. मला या शेवटच्याचं सगळ्यात वाईट वाटतं.

आणि त्या गृहस्थांना वाटतं आपण कोणावर अवलंबून नाही! अहो, देशात वापरतो त्यातला साधारण निम्मा गॅस बाहेरून येतो. उणे १६२ अंशांपर्यंत गार करून, सहाशेपटीने आकसून, जहाजात भरून. सगळ्यात जास्त कतारहून, म्हणजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गुजरातेतल्या दहेज बंदरात. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू, पादूरला जमिनीखाली गुहा करून ठेवल्यात. या पाइपच्या गॅससाठी तसा साठा आपल्याकडे नाही. पुण्यातली रिक्षा या गॅसवर, माझा कुकर या गॅसवर, आजींची पेज या गॅसवर. बटण आत्ताही दुसऱ्याच्याच हातात आहे. फक्त तो शेजारी नाही, लांबचा आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही.

पाकिस्तानमधून पाइपलाइन आणणं धोक्याचं आहे, हे मला मान्य आहे. अफगाणिस्तानातून तर आहेच. माझा भाऊ सैन्यात होता, मला कोणी शिकवायला नको.

पण विश्वास बसल्यावर वही लिहीत नाहीत हो. विश्वास नसतो म्हणून लिहितात! आई आणि काकूंचा एकमेकींवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून तर वेळ घालायच्या, म्हणून तर माझ्या समोर पाकिटातले पैसे मोजायच्या.

काकूंनी एकदा नियम मोडलाही. श्रावणात त्यांच्या सुनेची मंगळागौर होती, घरात पंचवीस बायका. आमची टाकी संपलेली. रात्रीच्या दुधासाठी मला पाठवलं तर दार अर्धवट उघडून म्हणाल्या, 'आज जमणार नाही म्हणून सांग.' आईने स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला, रॉकेल तळाशी होतं, वात नुसती धुरकटली. भाऊ रडून रडून निळा पडला. शेवटी बाबांनी बंबात ढलप्या घालून त्यावर दुधाचं भांडं धरलं, रात्री एक वाजता, उघड्या अंगाने, घाम पुसत. सकाळी आईने वहीत लिहिलं: 'काल रात्री मागितली. मिळाली नाही.' बाकी शिवी नाही, काही नाही. मला वाटलं संपलं आता. पण आठ दिवसांनी त्यांच्या सासऱ्यांना दम्याचा जोराचा झटका आला, रात्री वाफेला पाणी हवं होतं, आणि टाकी आमची होती. आईने बाबांना उठवलं. शहाबादी फरशीवरून टाकी कडेवर तिरकी करून फिरवत नेतानाचा तो घरघर आवाज मला अजून ऐकू येतो. अख्खा वाडा जागा झाला.

दुसऱ्या दिवशी वहीत आईच्या त्या ओळीखाली काकूंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'चूक झाली.' त्यानंतरही त्या बोलल्या नाहीतच. कोर्टातला दावाही चालूच राहिला.

हे लिहिताना राग जरा निवला माझा.

आपल्याकडे अगदीच काही होत नाही असंही नाही. त्रिपुरात पलाटाणाला गॅसवर चालणारा ७२६ मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. त्याची अवजड यंत्रं ईशान्येच्या डोंगररस्त्यांनी नेणं महाकठीण होतं. बांगलादेशने आपल्या नद्यांतून, रस्त्यांवरून जाऊ दिली. २०१६ पासून त्रिपुरातून बांगलादेशला १०० मेगावॉट वीज जायला लागली. किती जणांनी ऐकलंय हे? आणि नेपाळ. २०१५ मध्ये तिथे एप्रिलमध्ये भूकंप, सप्टेंबरपासून सीमेवर टँकर अडकलेले. आपलं सरकार म्हणालं आम्ही अडवले नाहीत, नेपाळी लोक अजून म्हणतात तुम्हीच अडवले. काठमांडूत बायका लाकडं पेटवून स्वयंपाक करत होत्या, पुढे अर्ध्या भरलेल्या टाक्या वाटल्या गेल्या. ते फोटो बघताना मला बाबाच दिसत होते, बंबावर भांडं धरून. चार वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. त्यातून गॅस नाही, डिझेल जायला लागलं. पण टँकर कोणी अडवले यावर भांडायची पाळी त्या डिझेलपुरती तरी गेली. ६९ किलोमीटर म्हणजे पुण्याहून लोणावळ्यापर्यंत जेमतेम. त्याला किती वर्षं लावली आपण!

मी काही त्यातली जाणकार नाही. दर कसा ठरवायचा, पाइपाची राखण कोणी करायची, पैसे कोणत्या चलनात, ते जाणकारांनी बघावं. पण संकट आलं की आधी कोणाची शेगडी पेटती ठेवायची हे संकटाच्या दिवशी ग्रुपवर विचारत बसायचं नसतं. ते आधी लिहून ठेवायचं असतं. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबरोबर तर आधी.

दुपारी मी माझं इंडक्शन खाली आजोबांकडे नेऊन लावून दिलं. त्यांच्याकडचं एकही पातेलं त्यावर चालेना, सगळी अ‍ॅल्युमिनियमची. वर येऊन माझं स्टीलचं नेलं. पेज कोमट झाली तशी त्यांनी मनगटावर थेंब टाकून बघितला, तान्ह्या बाळाच्या दुधाचा बघतात तसा. मग सिरिंज हातात घेतली. मला तिथे उभं राहवेना.

पावणेआठला गॅस आला. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले टाकले.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशेपानी वही आणली आणि पत्रपेट्यांच्या बाजूच्या खिळ्यावर टांगली. पहिल्या पानावर तीच ओळ लिहिली. खाली रकाने पाडले: कोणाकडे टाकी आहे, कोणाकडे इंडक्शन, कोणाकडे आजारी माणूस. आत्ता कचरा टाकायला खाली गेले होते तेव्हा बघितलं. दोघांनी नावं लिहिलीत, त्यात एक त्या पाहुणेवाल्या बाई आहेत. 'एक भरलेली टाकी आहे, रात्रीही चालेल' असं लिहिलंय. त्या गृहस्थांचं नाव नाही.

पेन मात्र कोणीतरी नेलंय. उद्या सुतळीने बांधते.