बेटावरचा पंजा

आमच्या किचन आयलंडवर, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध सुट्या उभ्या ओट्यावर, सध्या एक पंजा आहे. उजवा. पाचही बोटं सुटी, करंगळी जरा घसरलेली. वरच्या लाकडाला पॉलियुरेथेनचा, म्हणजे वॉर्निशचा, दुसरा हात देऊन तास झाला होता. धड ओलं नाही, धड कोरडं नाही अशी अवस्था. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यावर सगळा भार टाकला आणि निकाल दिला, "हलतंय."

हलत नव्हतं. आधी हलायचं, हे कबूल. पीठ मळायला घेतलं की आयलंडही सोबत डोलायचं. भिंतीलगतचं कपाट कितीही लेचंपेचं असलं तरी ते भिंतीला स्क्रूनं जखडलेलं असतं. आयलंडच्या पाठीशी कोणी नाही. खाली प्लास्टिकचे उंची बदलणारे पाय, ते वरचं वजन मुकाट पेलतात, पण आडव्या धक्क्यापुढे त्यांचं काही चालत नाही. त्यात मागची पाठ ३ मिलिमीटरची, खाचेत नुसती सरकवलेली. अशा खोक्याचा आयत राहत नाही, समांतरभुज चौकोन होतो. तपासायचं असेल तर टेपनं दोन्ही कर्ण मोजावेत. सारखे आले तर खोकं गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. आमच्याकडे ९ मिलिमीटरचा फरक निघाला.

यावर भेटेल तो माणूस एकच उपाय सांगतो, कागदाची घडी घाला. घडी चेपते, फरशी पुसताना भिजते आणि ओल शेजारच्या पार्टिकल बोर्डाला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, देऊन मोकळी होते. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की परत बसत नाही. माणसांसारखंच, पण ते जाऊ दे.

खरा इलाज म्हणजे आयलंड जमिनीला बांधणं. पाय काढून टाकायचे. १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची १०० मिलिमीटर उंच चौकट करायची, समोरून ५० मिलिमीटर आत, म्हणजे उभं राहताना पावलं आत जातात. चौकटीची बाहेरची रेघ फरशीवर चिकटपट्टीनं आखायची, तिच्या आत १८ मिलिमीटर सोडून दुसरी रेघ मारायची आणि त्या आतल्या रेघेला लावून ४० बाय ४० चे लाकडी ठोकळे जमिनीत पक्के करायचे. चौकट वरून ठोकळ्यांवर उतरवायची, पाणसळ ठेवून सखल बाजूला पाचरी मारायच्या आणि मगच बाजूनं चौकट ठोकळ्यांना स्क्रूनं आवळायची. हा क्रम उलटा झाला की स्क्रू लेव्हल बिघडवून ठेवतात आणि पाचरी नुसत्या शोभेला उरतात. प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही, म्हणून चौकटीच्या आतून वरच्या काठाला एक पट्टी हवी. कपाटाच्या तळातून ५० मिलिमीटरचे स्क्रू त्या पट्टीत जातात. पाठ म्हणून १२ मिलिमीटरचा प्लाय, आधी कर्ण जुळवून, मग चारी कडांना दर १५ सेंटीमीटरवर स्क्रू. निम्मं डोलणं या पाठीनंच जातं.

पण ठोकळे जमिनीत पक्के करायचे म्हणजे ड्रिल आलं. आणि आमची जमीन म्हणजे काकांचं छत.

बेल वाजली तेव्हा पहिलं भोक जेमतेम टाइलच्या पार गेलं होतं. काका दारात, कपाळावर हात.
"अरे, काय चाललंय काय? माझ्या डोक्यात भोक पाडतोयस!"
"काका, आयलंड बसवतोय. आठ भोकं आहेत, अर्ध्या तासात संपेल."
"आयलंड म्हणजे बेट ना? मग चहूबाजूंनी पाणी कुठंय?"
हा विनोद करणारे ते तेरावे. मी बारा वेळा हसलोय, म्हणून तेराव्यांदाही हसलो. ती माझी चूक. हसणं म्हणजे 'या, बसा' असं काही लोकांना वाटतं.

ते आत आले. ड्रिलच्या बिटावर, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांडीवर, चिकटपट्टी गुंडाळलेली पाहिली.
"हे कशाला?"
"५० मिलिमीटरची खूण. याच्या खाली जायचं नाही."
"आणि गेलं तर?"
"जात नाही, काका. टाइल, तिच्याखालचं सिमेंट, मग स्लॅब. हे भोक स्लॅबला जेमतेम शिवतं."
"शिवतं!"

एवढ्यावर काका खाली गेले. मला वाटलं, सुटलो. तर फोन. "मी पलंगावर उभा आहे. छताकडे बघतोय. हं, चालव."
मी चालवलं.
"अजून दिसत नाही," फोनमधून आवाज.
प्रत्येक भोकाला हेच. टाइल संपेपर्यंत हॅमर, म्हणजे ड्रिलची ठोके मारायची सोय, बंद, वेग कमी, बिटावर पाण्याचे थेंब, कारण हॅमर चालू ठेवून टाइलमध्ये शिरलं की ती तडकते. टाइल ओलांडली की बिट बदलायचं, हॅमर चालू करायचा, खुणेपर्यंत जायचं, भुकटी फुंकून काढायची. स्क्रू धरणारी ८ मिलिमीटरची प्लास्टिकची गिट्टी टाइलच्या पातळीखाली ठोकायची, नाहीतर स्क्रू आवळताना ती फुगते आणि टाइलला आतून फोडते. जमिनीतून नळ किंवा वायर कुठून गेलीय, हे अर्थात पहिल्या भोकाच्या आधीच शोधायचं. हे सगळं एका हातानं, कारण दुसऱ्या हातात काका. "अजून दिसत नाही." सहाव्या भोकाला त्यांचा आवाज किंचित निराश वाटला.

आठ झाली तसे ते परत वर आले. मी आयलंडच्या कपाटाच्या दाराच्या बिजागरीशी झटत होतो. पार्टिकल बोर्डात स्क्रूचं भोक सैल झालं की स्क्रू नुसता गरगर फिरतो. काकांनी खिशातून काडेपेटी काढली. अस्सल लाकडात काडी आणि गोंद चालूनही जातो, पार्टिकल बोर्डात महिनाभर. टिकवायचं असेल तर तेच भोक ८ मिलिमीटरचं करून त्यात वुड ग्लू लावलेला लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, ठोकायचा, रात्रभर सुकवायचा, सपाट कापायचा आणि ३.५ च्या स्क्रूसाठी २.५ मिलिमीटरचं नवं भोक पाडायचं. भोक दाराच्या आरपार जाऊ नये म्हणून इथेही बिटाला चिकटपट्टी. मी हे समजावत असताना काका एकेक काडी मोडून भोकात भरत होते. अकरा काड्या. त्या चिमट्यानं बाहेर काढायला मला ड्रिलच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.

राहता राहिला वरचा लाकडी फळा. बसायच्या बाजूला तो ३० सेंटीमीटर बाहेर काढलाय, ९० सेंटीमीटर उंचीला गुडघ्यांना तेवढं लागतंच, आणि स्टुलाची बैठक ६५ ची. खाली लोखंडी ब्रॅकेट, कारण त्या कडेवर ताटल्या नाही, माणसं रेलतात. ब्रॅकेटची भोकं लांबट हवीत. हवेत ओल वाढली की फळा रुंदीत फुगतो, त्याला सरकायला जागा नसेल तर तो चिरतो किंवा वाकतो. म्हणून गोंदही नाही. रेलणाऱ्यांसाठी एवढा जीव पाखडला आणि पहिले रेलले कोण, तर काका. पंजा तेव्हाचा.

मी भरलेला ग्लास कोरड्या कोपऱ्यावर ठेवला आणि आयलंडला कमरेनं धक्का दिला. पाण्यावर तरंगसुद्धा नाही.
"पाणी नसेल हललं," काका म्हणाले, "पण मला कळतं ना."

आता पंजा असा लगेच जात नाही. कच्च्या थरावर सँडपेपर मारला तर तो गोळ्या करून कागदातच अडकतो. थर पूर्ण कडक होईपर्यंत थांबायचं, मग २२० नंबरचा कागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, भुकटी पुसून पुन्हा एक हात. म्हणजे तोवर येणारा प्रत्येक माणूस त्या पंजावर आपला पंजा ठेवून मापतोय.

जाताना काका माझं टाइलचं बिट घेऊन गेले. एक हूक लावायचंय म्हणाले. हॅमर बंद ठेवा, असं मी दोनदा सांगितलं. काल दुपारी दोन वाजता, सगळी इमारत झोपलेली असताना, खालून आवाज आला. हॅमर चालू होता, ते आवाजावरून कळतं. मग एक बारीकसा 'टक', आणि एकदम शांतता.